देवावरून उतरलेल्या फुलांचा चहा

कळमनुरीत एका महादेवाच्या देवळाची पूजा आमच्या घराकडं आहे, आणि ती अजून मामंजीच करतात, म्हणजे माझे सासरे. मागं त्यांचं बीपी वाढलं, साखरही वाढली आणि डॉक्टरांनी दूध-साखरेचा चहा बंद सांगितला. झालं! म्हाताऱ्याचं तोंड जे उतरलं ते उतरलंच.

मी म्हटलं, चहाच पाहिजे ना? मग घ्या. सर्दीला तुळस-गवती चहा, उन्हाळ्यात गुलाबपाकळ्यांचं पाणी, हे माझ्या माहेरी रोजचंच. बीपीला जास्वंद चांगली, असं आळीतल्या सगळ्या बाया सांगायच्या. देवावरून उतरलेली फुलं तर आमच्या घरी परडीभर येतात. पायदळी येऊ नयेत म्हणून आम्ही ती पिंपळाच्या बुडाशी टाकतो. एवढी जास्वंद मातीत काहून घालायची? मी पाकळ्या गच्चीवर वाळवून डबा भरला. रोज सकाळी पेलाभर लालभडक काढा. मामंजी पेला घेऊन अंगणात जायचे आणि रिकामा आणून द्यायचे. मी खूश. काय हुशार सून म्हणायची!

दहा-बारा दिवसांनी डब्यात हात घातला, तर एक अख्खं सुकलेलं फूल निघालं. लाल कण्हेर! सोमवारी महादेवाला कण्हेर वाहतात आणि जास्वंदीसोबत एकाच परडीत घरी येते, हे मला, पुजाऱ्याच्या सुनेला, सुचू नये? कण्हेर विषारी, थेट हृदयावर जाते. डबा निम्मा संपलेला. त्या सकाळचा पेलाही रिकामा आलेला.

अनवाणीच पळाले. देवळात मामंजी नव्हते. नाही नाही ते मनात यायला लागलं.

सापडले ते देवळामागं चहा विकणाऱ्या चाचांच्या टपरीवर. बाकावर बसून बशीतून चहाचे फुरके मारत होते. मला पाहून बशी खाली ठेवली.

"आजच घेतला बरं, एकच कप."

"मामंजी, खरं सांगा, सकाळचा काढा प्यालात?"

मान खाली. "न्हाई बाई. पैल्याच दिवशी चाखला अन् थुकला. तवापासून कर्दळीच्या आळ्यात ओतून राहिलो."

"भाभी, रोज दो कप होते हैं यहाँ," चाचांनी चोरी फोडली.

मी तिथंच बाकावर बसले आणि हुंदके देऊन रडले. एवढं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मामंजी घाबरले. "काहून रडून राहिलीस? उद्यापासून पितो ना तुझा काढा!"

"खबरदार!" मी ओरडलेच.

तरी आधी डॉक्टरांकडं नेलं. नाडी तपासली, हृदयाची पट्टी काढली, सगळं ठीक. तिथं मी कण्हेरीचं सांगितलं. मामंजी म्हणाले, "म्हंजे चोरून चहा पेलो म्हणून वाचलो म्हण की."

आता जास्वंद अंगणातली, माझ्या हातानं तोडलेली. पहिला घोट मी घेते, मग मामंजी, माझ्या डोळ्यांदेखत. कण्हेरीच्या सोमवारी मात्र काढा बंद, एक कप चहा माफ. त्या दिवशी चाचांकडं निघाले की ते मला सांगून जातात.