तोंडी परीक्षेची खोली

नर्सिंग कॉलेजातल्या समुपदेशक ताईंचा राग नाकावर असायचा, पण मुलींनी तो कधी पाहिला नव्हता. तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली की मुली त्यांच्याकडे यायच्या. कुणाला मळमळायचं, कुणाचं पाठ केलेलं ऐन वेळी पुसलं जायचं. ताई त्यांना आधी परीक्षेच्या रिकाम्या खोलीत नुसतं बसवायच्या. मग मैत्रिणींपुढे उत्तरं द्यायला लावायच्या, मग शिक्षिकांपुढे. 'मी नापासच होणार' असं मनात आलं की 'कशावरून?' हे स्वतःला विचारायला शिकवायच्या. हळूहळू भीतीचा जोर ओसरायचा.

दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीवर त्यांनी अख्खं सत्र मेहनत घेतली. कुणी बघत असलं की सिरिंज भरताना तिचे हात कापायचे. वॉर्डात मात्र पेशंट तिलाच हाका मारायचे. परीक्षेच्या सकाळी ती म्हणाली, "ताई, पोटात गोळा येतोय. पण येऊ दे."

ती रडतच बाहेर आली. परीक्षक सरांनी तिचे कापणारे हात सगळ्यांना दाखवले होते, ही पेशंटचा जीव घेणार म्हणाले होते आणि तिच्यापुढचा सिरिंजचा ट्रे काढून घेतला होता.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तडक आत शिरल्या. सर जागचे हललेही नाहीत. हल्लीच्या मुली फार नाजूक, त्यांना जरा नीट श्वास घ्यायला शिकवा, असा वर सल्ला त्यांनी दिला.

"शिकवलाय," ताई म्हणाल्या. "मनातली भीती मी घालवते, सर. इथे ती परीक्षकाच्या खुर्चीत बसलीय."

प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. सर जुने आहेत, त्यांचा स्वभावच तसा, म्हणून मुलींनाच कणखर करा, असं सुचवलं. ताईंनी साफ नकार दिला. त्या मुलीने लेखी तक्रार केली, तेव्हा ताईंनी खाली स्वतःची सही ठोकली. अनेक चकरांनंतर फेरपरीक्षा मिळाली, सरांशेजारी दुसऱ्या परीक्षक बाई बसल्या. मुलीचे हात तेव्हाही कापले, पण औषध बरोबर भरलं गेलं. ती पास झाली.

वर्षाअखेरच्या सभेत प्राचार्यांनी ताईंच्या उपचारांचं तोंडभरून कौतुक केलं. सरांबद्दल अवाक्षर नाही. ते पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. ताईंनी पर्स उचलली आणि टाळ्या चालू असतानाच त्या बाहेर पडल्या.