पियानोतलं भिवापुरी तिखट

आमच्या घरी वर्षाचं तिखट पियानोत ठेवत.

यात हसण्यासारखं काय आहे, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आमचे हे नागपूरला रेल्वेच्या ऑफिसात कारकून. त्यांचा गोरा साहेब नोकरी सोडून ऑस्ट्रेलियाला निघाला, तेव्हा त्याचा उभा पियानो यांनी बैलबंडीवर घालून घरी आणला. (मी शिलाई मशीन मागितलं होतं.) आमच्या कुमुदला शिकवायला रोझलिन मिस येऊ लागल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी पियानोची खालची फळी काढून आत एक बल्ब लावला. म्हणाल्या, "ओलीने तारा गंजतात. पावसाळाभर हा दिवसरात्र चालू ठेवा."

म्हणजे बघा! स्वयंपाकघरात मिठाला पाणी सुटलेलं, डाळीला वास, आणि घरातली एकुलती एक कोरडी, उबदार जागा पियानोच्या पोटात! मी चौथी शिकलेली, पण एवढं मलाही कळतं. पहिल्या पावसाळ्यात पापड ठेवले. कोणाला पत्ता नाही. दुसऱ्या वर्षी कुरडया. तिसऱ्या वर्षी हिंमत वाढली. भिवापूरच्या मिरच्यांचं तीन किलो तिखट जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलं आणि आतल्या एका आडव्या लाकडी पट्टीवर ठेवून दिलं. ती पट्टी कशासाठी असते, हे मी कोणाला विचारलं नाही.

त्याच पावसाळ्यात कुमुदची मोठी परीक्षा आली. पास झाली तर कॉन्व्हेंटात संगीत शिकवायची नोकरी पक्की. नापास झाली तर तिच्या मामाने आणलेलं कळमेश्वरचं स्थळ पक्कं. (मी मुलगा पाहिला होता. म्हणून परीक्षेकडे माझंही लक्ष होतं.) मिसच्या शाळेचा पियानो गळक्या छपराखाली भिजला होता, तेव्हा परीक्षक आमच्याच घरी येणार असं ठरलं!

परीक्षा रोमँटिक संगीताची. मिस म्हणाल्या, त्या काळचे संगीतकार नियमापेक्षा भावना मोठी मानत. (असा मला एक दीर आहे. त्याला कुठे नोकरी टिकत नाही.) कुमुद आठ दिवस शब्द पाठ करत होती.

"आई, रुबाटो म्हणजे इथे थोडा वेळ चोरायचा अन् पुढे परत करायचा."

"तुझे बाबा ऑफिसात तेच करतात. परत करत नाहीत."

"नॉक्टर्न म्हणजे रात्रीचं संगीत."

"मग सकाळी अकराले काहून वाजवून राहिली?"

"क्रेसेंडो म्हणजे आवाज हळूहळू वाढवत न्यायचा."

"हे मले माहीत आहे वं. तुझी आजी दिवसातून चारदा करते!"

"अन् मोटिफ म्हणजे, एका माणसाची एक धून ठरवायची. तो माणूस पुन्हा आला की ती धून पुन्हा."

"अन् हे पायात काय आहे?"

"पेडल. ते दाबलं की सूर एकमेकांत मिसळतात. रोमँटिक संगीताचा जीव पेडलात आहे, आई!"

पेडल आतून कशाला जोडलेलं असतं, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

परीक्षक साहेब मुंबईहून आले. जाड चष्मा, तोंडावर हसू म्हणून नाही. कुमुदने नॉक्टर्न सुरू केलं, पेडल दाबलं, आणि आतली ती पट्टी वर गेली, खाली आली! वर तिखटाची पोटली! फडकं चाळणीसारखं हलू लागलं आणि पेडलच्या फटींतून लाल धूळ निघाली. पहिली शिंक कोपऱ्यात बसलेल्या माझ्या सासूबाईंची. मग मिस. मग हे. नॉक्टर्न संथ होतं, क्रेसेंडो शिंकांचा होता.

हे कानाशी येऊन म्हणाले, "अवं, कोणी मिरच्या भाजून राहिलं काय?"

"चूप राहा! संगीत आहे!"

तोवर मला सगळं समजलं होतं. पण उठून फळी काढली तर परीक्षा मोडते आणि कळमेश्वरचा मुलगा जावई होतो. मी बसून राहिले. कुमुदच्या गालांवरून धारा लागल्या होत्या, पण पोरीचे हात थांबेनात. जितकी भावना, तितकं पेडल. जितकं पेडल, तितकं तिखट!

शेवटचा सूर विरला. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "इतक्या वर्षांत मी परीक्षेत कधी रडलो नव्हतो. रोमँटिक संगीतकार आपलं सगळं काळीज वाद्यात ओततो, ते हे!"

मी मान हलवली. काळीज नाही, तीन किलो तिखट.

इथे मी गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण मला आनंद मावेना. म्हटलं, "साहेब, जेवूनच जा!"

साहेबांनी वांग्याच्या भाजीचा पहिला घास घेतला. शिंकले. चष्मा काढला. तेच डोळे, त्याच धारा! त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग पियानोकडे.

"मोटिफ पुन्हा आला," ते म्हणाले, आणि उठून त्यांनी खालची फळी काढली. आत सगळं लालेलाल.

"आई!!" कुमुद ओरडली.

"साहेब, पोरीचे मार्क कापू नका," मी म्हटलं. "तिने फक्त पेडल दाबलं. तिखट माझं आहे."

साहेब असे हसले, असे हसले, की शिंकत शिंकत जमिनीवरच बसले. "एवढ्या तिखटात या मुलीने एकही सूर चुकवला नाही. हिला नापास कसं करू?"

कुमुद पास झाली. नोकरी लागली. कळमेश्वरला नकार गेला. निकालाच्या कागदावर साहेबांनी शेरा लिहिला होता, 'भाव भरपूर. प्रमाण जरा जास्त.'

सासूबाईंनी तो शेरा दोनदा वाचून घेतला. माझ्या हातच्या भाजीबद्दल लग्नापासून त्या हेच सांगत होत्या, आणि त्यांना तर पियानोही येत नव्हता!