आणखी थोडं इंडियन

आमच्या नारायण पेठेतल्या गल्लीत सुमो वळत नसे, म्हणून बॅगा उचलून आम्ही चौघं कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. वाटेत प्रत्येक दारातून प्रश्न येत होता आणि आई उत्तर देत होती, "न्यू जर्सीला," जसं काही मी लोणावळ्याला निघालो होतो. बाबा टेलिफोन खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. ते शेजाऱ्यांना सांगत होते, "अमेरिकेला दोन हजार साल मोजता येईना, म्हणून आमच्या चिरंजीवांना बोलावलंय." ताई हसत होती आणि रडतही होती. गाडीत बसताना आईने ना आशीर्वाद दिला ना सूचना. फक्त म्हणाली, "शब्द गिळू नकोस."

आई मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची, गॅदरिंगची नाटकं बसवायची. शेवटच्या रांगेतल्या माणसाने सुद्धा तिकीट काढलेलं असतं, हे तिने मला चौथीत असताना सांगितलं होतं. इंजिनिअरिंगला असताना मी एकांकिका केल्या, बक्षिसं आणली, आणि नंतर सगळे करत होते तेच केलं. त्या वर्षांत पेठेतल्या मुलाला नाटक हवं असलं तरी मिळत कॉम्प्युटरच होता.

न्यू जर्सीत जुन्या बँकांच्या प्रोग्रॅममधल्या तारखा बदलल्या. दोन हजार साल उजाडलं, काहीच बिघडलं नाही, आणि थोड्याच दिवसांत आमची गरज संपली. मग हे कॉन्ट्रॅक्ट, ते कॉन्ट्रॅक्ट करत लॉस एंजेलिसला पोचलो. तिथे दिवसा क्यूबिकलमध्ये बसायचो आणि संध्याकाळी अभिनयाच्या क्लासला जायचो. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती इतकी खूश झाली की बाबांनी फोन काढून घेतला. म्हणाले, "नोकरी आहे ना अजून? मग ठीक."

इकडे पुण्यात माझ्या खोलीत रूपाली राहायला आली होती. चंद्रपूरची मुलगी, आयटीत लागलेली. आमच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून आली आणि घरचीच झाली. माझा एकही उच्चार आईने कधी सुटू दिला नव्हता. रूपालीचं "काकू, मी येऊन राह्यली ना" मात्र ती तसंच ऐकून घ्यायची. मी एकदा फोनवर विचारलं, तर म्हणाली, "तिच्या आईने शिकवलंय ते. मी कोण बदलणारी?"

आईला झटका आला तेव्हा माझी ग्रीन कार्डची प्रक्रिया मध्येच लटकली होती. कंपनी बुडाली होती, दुसरीने अर्ज उचलला होता, पण बाहेर जाऊन परत यायची परवानगी हातात नव्हती. वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "गेलात तर अर्ज सोडून दिला असं धरतील." मी ताईला विचारलं, काय करू? ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात सुधारेल. तू थांब." मी थांबलो. आई सुधारली नाही. शेवटी तिच्याजवळ रूपाली होती. तिनेच मला फोनवर सांगितलं, "दादा, काकूंची वाचा गेली होती. पण मी बोलत होती तर हसत होत्या. मी बोलतच राह्यली."

मी तेव्हा एका पार्किंग लॉटमध्ये उभा होतो. सभोवती लख्ख ऊन, एकही माणूस नाही. फोन ठेवल्यावर मला मोठ्याने मराठीत काहीतरी बोलावंसं वाटलं, पण काय बोलावं ते सुचेना.

कार्ड आलं आणि मी नोकरी सोडली. बाबा महिनाभर माझ्याशी फक्त हवामानावर बोलले. मला कामं मिळू लागली: टॅक्सीवाला, केमिस्ट, टॅक्सीवाल्याचा भाऊ. पहिल्याच ऑडिशनला समोरची बाई म्हणाली, "छान. आता आणखी थोडं इंडियन." मला कळेना, आणखी म्हणजे किती? निर्मात्यांनी उच्चार शिकवायला माणूस ठेवला. गोरा, भला, भारतात कधीही न गेलेला. तो मला भारतीय माणूस कसा बोलतो ते शिकवायचा आणि मी मान हलवत शिकायचो. मान हलवणंही त्यात आलं. आईने एकेक अक्षर घासून दिलेली ती जीभ मी अशी वाकडी करत गेलो आणि त्यावर घर चालवलं. पुढे एका हॉस्पिटलच्या मालिकेत शवविच्छेदन करणारा डॉक्टर झालो. दर भागात दोन वाक्यं. चेहरा ओळखीचा झाला, नाव नाही झालं.

मधल्या रिकाम्या काळात मी लिहायला लागलो. पेठेतली एक निवृत्त शिक्षिका आणि तिच्याकडे राहायला आलेली चंद्रपूरची मुलगी, एवढीच गोष्ट. जिथे मी नव्हतो, त्या खोलीत मी ती पटकथा लिहिताना रोज जाऊन बसायचो. ती विकली गेली तेव्हा मी स्टुडिओच्या बाहेर बाकावर बसून आईला हाक मारली.

मग मीटिंगा सुरू झाल्या. पुणं कोणाला माहीत नाही, तेव्हा गंगेच्या काठचं गाव करू. मराठी कोणाला कळत नाही, तेव्हा हिंदी. दोघी भारतीय असतील तर प्रेक्षक कोणाच्या नजरेने बघणार? तेव्हा चंद्रपूरच्या मुलीच्या जागी एक अमेरिकन मुलगी आली. ती गावात येते आणि म्हातारीला इंग्रजी शिकवते. करारात बदलाचा हक्क त्यांचा होता. मी भांडलो, तेव्हा माझ्या मदतीला आणखी एक लेखक दिला. पडद्यावर माझं नाव त्याच्या नावाखाली आलं.

तरीही पुण्यातल्या एका वर्तमानपत्राने "मूळचे पुणेकर, अमेरिकन अभिनेते व पटकथाकार" असं छापलं. बाबा फोनवर म्हणाले, "हे अमेरिकेला कळवलंस का?"

ताई तोवर पुण्याच्या वेशीवर, मांजरी गावाला राहायला गेली होती. खिडकीखाली उरलासुरला ऊस, पलीकडे नवे टॉवर. बाबांनी सिनेमा तिच्याकडे बसून पाहिला, पूर्ण, न उठता. संपल्यावर मला फोन लावला. "छान झालाय," ते म्हणाले. "आता ही बाई कोण, तेवढं सांग."

मी म्हणालो, "बाबा, ती आपली आई होती."

"असं होय," ते म्हणाले, आणि फोन ताईकडे दिला. सिनेमाविषयी आम्ही परत कधी बोललो नाही. बाबा गेले तेव्हा मी पोचलो होतो. त्यांनी मला ओळखलं की नाही, ते मला सांगता येणार नाही.

त्यानंतर मालिका बंद पडली आणि मी ठरवलं, आता पुण्यालाच राहायचं, मराठी नाटक करायचं. ताईकडे उतरलो. सदाशिव पेठेतल्या एका हॉलमध्ये तरुण मुलांचा ग्रुप तालमी करतो, तिथे गेलो. दिग्दर्शिका पंचविशीची, हिंजवडीत आयटीत नोकरी करणारी. माझं वाचन तिने मन लावून ऐकलं.

"सर, तुमचं मराठी एकदम प्युअर आहे," ती म्हणाली. "पण, डोन्ट माइंड, असं आता कुणी बोलत नाही. थोडं फेक वाटतं. आमच्याकडे एक रोल आहे पण. दुसऱ्या अंकात अमेरिकेचा काका येतो. कराल?"

मी केला. प्रयोगाला नाट्यगृह भरलं होतं. ताई पुढे बसली होती. काकाचा एकच प्रवेश होता. बॅग खाली ठेवून त्याने म्हणायचं, "आता मी कायमचा इथेच राहणार." मी ते म्हटलं, शेवटच्या रांगेपर्यंत, एकही अक्षर न गिळता. सगळं थिएटर हसलं. टाळ्या सुद्धा पडल्या.

विंगेत आल्यावर ती मुलगी म्हणाली, "सर, काय टायमिंग आहे तुमचं!"

मी ते वाक्य विनोदी म्हणून म्हटलं नव्हतं. ताईला ते कळलं होतं. रिक्षात ती माझा हात धरून बसली. मांजरी आल्यावर म्हणाली, "परतीचं तिकीट कधीचं काढतोस?"

तुम्ही जे इथेच राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे गेलात, दोघेही मला विचारता की मला घर कुठलं वाटतं. आपण बोललेलं जिथे सरळ खरं धरतात, ते घर, एवढंच मला आता कळतं. लॉस एंजेलिसच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याने माझ्या अमेरिकन पासपोर्टवर नजर टाकली आणि म्हणाला, "वेलकम होम." तो ते सगळ्यांनाच म्हणतो. मी "थँक यू" म्हणालो, आणि ते त्याने खरं धरलं.