पाठीकडून ओळखीचे बाबा

चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर लोकांच्या नाकावरच्या फ्रेमा सरळ करायची. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की ती जराशी मागे सरकायची, एक डोळा बारीक करून बघायची. डावी काडी केसभर वर असली तरी तिला ते खुपायचं. मग काडी गरम हवेवर धरून, अंगठ्याने हलकेच दाबून ती ताळ्यावर आणायची. मालक म्हणायचा, "हिच्या डोळ्यात ओळंबा टांगलाय." अशा बाईला आपल्या योगासनांच्या वर्गातल्या अकरा पोरी वाकड्या उभ्या राहतात हे जवळजवळ वर्षभर दिसू नये, हे सांगून कोणाला पटणार नाही. पण झालं ते तसंच, आणि त्याला कारण बाबांची शिकवायची रीत.

बाबा छापखान्यात होते. पायाने पट्टी दाबत चालवायच्या यंत्रापुढे तीस वर्षं उभे राहिले, पाठ धरली, तेव्हा कुठूनतरी योगासनं शिकून आले. कोणाकडून, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पुढे लाँड्रीच्या वरची खोली भाड्याने घेऊन त्यांनी मुलींचा वर्ग काढला. खालून इस्त्रीची वाफ यायची, फरशी कायम कोमट असायची. मुलींचाच वर्ग का, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "यांना सगळे अंग चोरून बसायला शिकवतात. कोणीतरी हातपाय पसरायला शिकवायला नको?" पहिली विद्यार्थिनी तीच, नऊ वर्षांची.

बाबा मुलींकडे पाठ करून शिकवायचे. समोर तोंड करून उभं राहिलं की पोरींचा उजव्या-डाव्याचा घोळ होतो, हे त्यांचं कारण. "माझ्या पाठीकडे बघा," म्हणायचे, "तोंडाकडे बघून काय मिळणार आहे?" त्यामुळे तिला बाबा आठवतात ते पाठीकडून. खांद्याच्या पात्यांमधला घामाचा त्रिकोण, मानेवरची बारीक आडवी घडी. चेहरा आठवायला फोटो बघावा लागतो.

ते गेले त्याला अकरा महिने झाले. पुढच्याच आठवड्यात ती त्यांच्या जागेवर उभी राहिली, मुलींकडे पाठ करून. दुसरी कुठली रीत असते हे तिच्या डोक्यातही आलं नाही. आणि आता येत्या रविवारी बाबांच्या नावाने मुलींची प्रात्यक्षिकं ठेवली होती. खुर्च्या सांगून झाल्या होत्या, पत्रिका वाटून झाल्या होत्या.

मंगळवारी वर्ग सुटल्यावर लवंगीची आई थांबली. लवंगी वर्गातली सगळ्यात लहान आणि सगळ्यात तिखट, आई नर्स. नर्सने मोबाइल पुढे केला. "ताई, मागच्या बाकावर बसून काढलंय. बघा जरा."

वृक्षासन चाललं होतं. एका पायावर उभ्या बारा पाठी, अकरा लहान, एक मोठी. सगळ्यांचा डावा खांदा वर, उजवी कंबर बाहेर निघालेली, मान किंचित उजवीकडे कललेली. वाऱ्याने एकाच बाजूला झुकवलेली झाडं असावीत तशा. तिला आधी वाकडेपणा दिसलाच नाही. तिला बाबा दिसले. एक नाही, बारा. ती नर्सला आभाराचं काहीतरी बोलणार, एवढ्यात नर्स म्हणाली, "लवंगीची कंबर महिनाभर दुखतेय. आमच्याकडच्या फिजिओला दाखवली. ती विचारते, ही असं उभं राहायला कुठे शिकली?"

"कुठे शिकली?" तिने वेड्यासारखं विचारलं.

"तेच तर तुम्हाला विचारतेय," नर्स म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

घरी येऊन तिने आईला विचारलं, "बाबा वाकडे उभे राहायचे का गं?"

आई भाजी निवडत होती. "वाकडे? मला तर त्यांच्याशेजारी जग वाकडं वाटायचं." मग एक देठ खुडून म्हणाली, "यंत्राने झालं असेल. एका पायावर किती वर्षं काढली माणसाने."

काकांना फोन केला. काका म्हणाले, "छे छे, यंत्राचं काय घेऊन बसलीस. लहानपणी भिंतीवरून पडला होता तो. मीच ढकललं असेल, आता कोणापुढे बोलू नकोस." मग तेच म्हणाले, "का मीच पडलो होतो? थांब, माझाच खांदा बघतो."

म्हणजे काहीच कळलं नाही. तिने आठवून बघितलं. बाबा एकदा म्हणाले होते, ज्याला जिकडे बरं वाटतं त्याने तिकडे थोडं झुकावं, शरीराशी भांडू नये. मग ते जाणूनबुजून झुकत होते, आपल्या पाठीपुरतं? का ते व्यंग होतं, आणि त्यांना पत्ताच नव्हता? आणि पत्ता असेल, तर वर्षानुवर्षं मागे उभ्या मुली तेच उचलताहेत हे त्यांना दिसलं नाही? दिसणार कसं, पाठ होती त्यांची. पण एकदा ते वळले होते. ती दहा-अकरा वर्षांची असेल. एका पायावर उभी होती, ते वळले, तिच्याकडे खूप वेळ बघत राहिले, "छान," म्हणाले आणि पुन्हा पाठ केली. ते "छान" तिने आयुष्यभर जपलं होतं. आता तिला कळेना, त्यांनी त्या वेळी काय बघितलं होतं. मुलगी बघितली, का स्वतःला, का काहीच नाही, नुसता तिचा चेहरा.

लवंगीची कंबर दुखत होती, यात वाद नव्हता. ते तिला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं. कळलेलं अंगी लागायला तीन दिवस गेले. तीन दिवस ती दुकानात लोकांचे चष्मे सरळ करत होती आणि प्रत्येकाला विचारत होती, "आता बरं वाटतंय ना? नक्की?" एक म्हातारा वैतागून म्हणाला, "बाई, मघाशीच बरं होतं."

शुक्रवारी वर्गात तिने मुलींना वृक्षासनात उभं केलं आणि पहिल्यांदा त्यांच्या मागे गेली. मुली गडबडल्या. पुढे पाठच नव्हती.

"ताई, बघू कुठे?"

"समोर भिंत आहे. ती बघा."

पहिल्या मुलीच्या खांद्यावर तिने अंगठा ठेवला आणि हलकेच खाली दाबला. दुसरा हात कमरेशी. पोर सरळ झाली. सरळ झाली आणि तिच्या पाठीतून कोणीतरी उठून गेल्यासारखं झालं. तिने डोळे मिटले, उघडले, पुढच्या मुलीकडे गेली. रविवारी खुर्च्यांवर बसलेले लोक बाबांची आठवण म्हणून हे बघणार, आणि त्यात बाबा तेवढे नसणार. हे आपण त्यांच्यासाठी करतोय का त्यांच्याविरुद्ध? तिला ठरवता येईना. हात मात्र थांबले नाहीत.

"ताई, आता वाकडं वाटतंय," पहिली मुलगी म्हणाली.

"मला पण. पडेन मी."

"तुम्ही उलटं करताय ताई," लवंगी म्हणाली. "रविवारी सगळे हसतील. आजोबांनी कधीच असं नाही शिकवलं." बाबांना मुली आजोबा म्हणायच्या.

"नाही शिकवलं," ती म्हणाली.

"मग?"

"मग मला माहीत नाही. तुझी कंबर कशी आहे ते सांग."

लवंगीने पाय बदलून बघितला, एकदा जुना खांदा वर केला, पुन्हा खाली आणला. "दुखत नाहीये," ती नाखुशीने म्हणाली. "पण मजा पण नाही येत."

अकरा पोरी सरळ करून झाल्या. मागून बघताना त्या आता कोणाच्याच नव्हत्या, जिच्या तिच्या होत्या. ती त्यांच्या पुढे आली, नेहमीच्या फरशीवर उभी राहिली, पाय उचलला, हात वर नेले. तिच्या हिशेबाने ती अगदी सरळ होती.

"ताई," लवंगी मागून म्हणाली, "तुम्ही अजून तशाच आहात."

"तशाच म्हणजे?"

"आजोबांसारख्या."

खालून वाफ येत होती. तिला वाटलं, असंच राहावं, एक तरी राहू दे. लगेच वाटलं, मग उद्यापासून या माझ्याकडे बघून पुन्हा तेच उचलतील. पाय खाली न टेकवता ती म्हणाली, "ये. मला सरळ कर."

लवंगीचा हात खांद्यापर्यंत पुरेना. तिने स्टूल ओढून आणलं, वर चढली, दोन्ही हातांनी ताईचा डावा खांदा दाबला. ताईला एकदम फरशी कलल्यासारखी वाटली. बाकीच्या मुली आसन सोडून भोवती गोळा झाल्या.

"झालं?" तिने विचारलं.

"थोडं राहिलंय," लवंगी म्हणाली. "ताई, तुम्ही हलताय."

"मी हलत नाहीये गं."

"हलताय. धरू का?"

"धर," ती म्हणाली.