प्रॉम्प्टरने गोळा केलेली मतं

रखमाजी तौरला तुम्ही पाहिलं असेल, पण तुमचं लक्ष गेलं नसेल. त्याचा धंदाच तसा होता. आमच्या परतूरच्या नाटकमंडळीत तो प्रॉम्प्टर होता. विंगेत पाटावर मांडी घालून, हातात नाटकाची वही धरून बसायचा आणि आम्ही अडलो की पुढचं वाक्य सोडायचा. राणीच्या भूमिकेत मी ज्या टाळ्या घेतल्या, त्यातल्या निम्म्या त्याच्या होत्या. त्या वेळी मी हे कबूल केलं नसतं. आता टाळ्याही नाहीत आणि राणीही नाही, तेव्हा वाटून टाकायला काय हरकत आहे?

त्याच्या आवाजात एक जादू होती. प्रेक्षकांना तो ऐकू जायचा नाही, यात विशेष काही नाही, कुठलाही बरा प्रॉम्प्टर तेवढं करतो. पण रखमाजीचा आवाज नटालासुद्धा ऐकू आल्यासारखा वाटायचा नाही. वाक्य आपल्याच डोक्यातून वर आलं, असं वाटायचं. प्रयोग संपल्यावर आमचा खलनायक छाती पुढे काढून म्हणायचा, "आज एकदाही अडलो न्हाई." आणि रखमाजी घसा शेकायला मीठ-पाणी शोधत फिरायचा.

त्याचा दोष एकच. शांतता त्याला सोसायची नाही. समोरचा माणूस बोलता बोलता थांबला की याचे ओठ हलायला लागत, मग ते नाटक असो की डॉक्टरचा दवाखाना. आष्टीला, म्हणजे त्याच्या गावी, एका लग्नात नवरी उंबरठ्यावर उखाण्याला अडली. रखमाजी तिच्या मागेच उभा होता. त्याने हळूच नाव सोडलं आणि नवरीने ते जसंच्या तसं घेतलं. "सुमितरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट." नवरदेवाचं नाव कल्याण होतं. सुमितराव आदल्या आठवड्यातल्या लग्नातले. पुढचा तासभर दोन्हीकडचे लोक हा सुमित कोण, याचा तपास करत होते आणि बिचारी नवरी रडून सांगत होती की हे नाव माझ्या तोंडात आलं कुठून, मला खरंच माहीत नाही.

मंडळी बंद पडली तसा रखमाजी जालन्याला आला आणि बीजतज्ज्ञ परिषदेच्या कचेरीत कामाला लागला. ही परिषद म्हणजे आपल्याकडच्या बियाण्याच्या शास्त्रज्ञांची संघटना. एमआयडीसीतल्या कंपन्यांचे संशोधक, प्रयोगशाळेतली माणसं, कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले प्राध्यापक, असे सगळे तिचे सभासद. कचेरी नव्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, बियाण्याच्या दुकानावरची एक खोली. महिन्यातून एकदा शनिवारी तिथे बैठक भरते. कोणीतरी निबंध वाचतो, दुसरा कोणीतरी तो खोडून काढतो, आणि रखमाजी सगळ्यांना चहा देतो. मी जवळच राहते. सकाळी पेपर वाचायला आणि त्याच्या हातचा चहा प्यायला तिथे जाऊन बसते. सभासद नसूनही मला कोणी उठवत नाही. वार्षिक संमेलनात सूत्रसंचालन मी करते, त्याची ही बिदागी.

गेल्या वर्षी परिषदेला नवीन चिटणीस मिळाली, आकांक्षा. हैदराबादला शिकून आलेली, हुशार, उगवण तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणारी मुलगी. तिने प्रश्न काढला की एवढी कचेरी हवी कशाला? बैठका मोबाईलवर होतात, निबंध मोबाईलवर पाठवता येतात. पण तिला हे आपल्या मनाने करायचं नव्हतं. चहाच्या कपावर तिघांनी ठरवायचं आणि बाकीच्यांनी नंतर कुरकुरायचं, हे तिला पसंत नव्हतं. सगळ्या सभासदांचं मत घेऊ, म्हणाली.

तिने मोबाईलवर भरायचा एक फॉर्म केला. बाणावर बोट ठेवून निवडायचं, पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. तो ग्रुपवर पाठवला. पहिलं उत्तर आलं ते जोडलेल्या हातांचं. मग आणखी जोडलेले हात. मग एकाने "हार्दिक अभिनंदन" लिहिलं आणि त्याच्यामागे सगळ्यांनी आकांक्षाचं अभिनंदन केलं, कशाबद्दल ते कोणी विचारलं नाही. एका गृहस्थांनी कळकळीने सावध केलं की असल्या लिंकवर बोट ठेवू नका, बँकेतले पैसे जातात. फॉर्म कोणी भरला नाही. ज्यांचं आयुष्य दाणे मोजण्यात गेलं, ती माणसं स्वतःला मोजून घ्यायला तयार नव्हती.

तेव्हा ठरलं की रखमाजीने एकेकाला फोन लावायचा. आकांक्षाने त्याला समोर बसवून समजावलं. प्रश्न वाचायचा, गप्प बसायचं, समोरचा जे बोलेल ते शब्दाला शब्द लिहायचं.

आता यात रखमाजीचं काय पणाला लागलं होतं, ते सांगायला हवं. कचेरी गेली की त्याचं काम गेलं. आणि कामापेक्षा जास्त काहीतरी गेलं असतं, कारण त्याला जाऊन बसायला दुसरी जागाच नव्हती. घरी मुलाचा टीव्ही आणि नातवाचा मोबाईल, दोन्ही एकदम बोलतात आणि कोणी अडत नाही, त्यामुळे तिथे त्याला काही कामच नसतं. त्याची बायको नंदाबाई मोठी सरळ बाई. तिने त्याला निघताना बजावलं, "तोंड सांभाळा. न्हाई तर लोक म्हणतील, खुर्चीसाठी मतं फिरवली." हे वाक्य त्याने फारच मनावर घेतलं. सगळा घोटाळा तिथून झाला.

ऐकू कमी येतं म्हणून तो फोन स्पीकरवर ठेवायचा. मी समोर पेपर घेऊन बसलेली असायची, त्यामुळे दोन्ही बाजू माझ्या कानावर पडत होत्या. पहिला फोन डोईफोडे सरांना. कडूबा डोईफोडे म्हणजे परिषदेतले सगळ्यात जुने सभासद. बियाणं ओलं करून ते उगवायची वाट बघण्यात त्यांची नोकरी गेली, त्यामुळे त्यांना कशाचीच जल्दी नसते. नमस्कार केला तरी उत्तर यायला वेळ लागतो.

"नमस्कार सर, रखमाजी बोलून राह्यलो. आपली कचेरी ठेवायची, का सगळं मोबाईलवर न्यायचं? तुमचं मत काय?"

पलीकडे शांतता. सर विचार करत होते. खाली हमाल पोती उतरवत होते, त्याचा आवाज येत होता. मग मला सरांचं बोलणं ऐकू आलं.

"काळाबरोबर चालायला पाहिजे," सर म्हणाले.

पुन्हा शांतता.

"कचेरीची आता काय गरज," सर म्हणाले.

रखमाजीने ते सुरेख अक्षरात लिहून घेतलं आणि पुढचा फोन लावला. असं त्याने आठवडाभर केलं. मी रोज तिथे होते. मला काहीही वावगं दिसलं नाही. फक्त एवढंच वाटलं की शास्त्रज्ञ मंडळी कचेरीवर फारच उठली आहेत, आणि रखमाजीचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला आहे.

शेवटी त्याने कागद आकांक्षापुढे ठेवले. तिने वाचायला सुरुवात केली तेव्हा खूश होती. पाचसहा कागद उलटले तशी परत पहिल्या कागदावर आली. सगळे सभासद कचेरी बंद करा म्हणत होते. एकही विरोधात नाही, एकही तटस्थ नाही. आणि प्रत्येकाला काळाबरोबर चालायचं होतं.

"काका," ती म्हणाली, "शंभर टक्के उगवण आमच्याकडे कधी येत न्हाई. आली तर समजायचं, नमुना घेणाऱ्यानं दाणे निवडून घेतलेत."

रखमाजीला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो उभाच राहिला. "म्हंजी मी घरी बसून लिहिलं म्हणता? मॅडम, माझीच खुर्ची मी कशापायी मोडीन?"

मी पेपर खाली ठेवून साक्ष दिली की प्रत्येक शब्द सभासदांच्या तोंडून आलेला मी या कानांनी ऐकलाय. आकांक्षाने तरी डोईफोडे सरांना तिथूनच फोन लावला आणि विचारलं, सर, तुम्ही असं म्हणालात का? बराच वेळ गेला. मग सर म्हणाले, "म्हणालो. बराबर. पण मला तसं वाटत न्हाई. का म्हणालो, तेच आठवून राह्यलो आठवडाभर."

ते वाक्य मला फारच ओळखीचं वाटलं. का म्हणाले कळत नाही, पण म्हणाले. अहो, मी वीस वर्षं रंगमंचावर तेच करत होते. मला त्या फोनवरच्या शांतता आठवल्या, आणि त्या शांततेत रखमाजीचे ओठ आठवले. हलत होते. मी रोज समोर बसून बघत होते आणि मला ते दिसलं नाही, कारण त्याचा आवाज वेगळा ऐकायची सवय मला कधी लागलीच नव्हती. मी हसायला लागले ते थांबेचना. आकांक्षा माझ्याकडे बघत राहिली. तिला मी रखमाजीची नाटकातली सगळी कारकीर्द सांगितली, सुमितरावांसकट.

सगळ्यात जास्त धक्का रखमाजीला बसला. "मी बोललो? कवा?"

"तू जन्मभर बोलतोयस रे," मी म्हटलं.

"मंग कचेरी ठेवा असं न्हाई का बोलणार मी? बंद करा कशाला बोलीन?"

त्याचं उत्तर त्याचं त्यालाच सापडलं. नंदाबाईचा शब्द राखायचा म्हणून, आपल्या बाजूने एक अक्षर जाऊ नये एवढं त्याने मनाशी पक्कं धरलं होतं. आणि शांतता पडली की तोंडातून पडलं ते नेमकं त्याच्या विरुद्ध बाजूचं. तो मटकन बसला. आकांक्षाने त्याला पाणी दिलं आणि मघाशी बोलले ते मागे घेते, म्हणाली. पण हे कागद काही चालायचे नाहीत, शनिवारच्या बैठकीत समोरासमोर पुन्हा विचारू.

शनिवारी खोली भरली. आपण काय मत दिलं हे ऐकायला सगळे आले होते. रखमाजी चहाच्या शेगडीपाशी उभा होता. बैठक सुरू व्हायच्या आधी त्याने तांब्या उचलला आणि तोंडात पाण्याची मोठी चूळ भरून घेतली. गिळली नाही. त्याने स्वतःवर हाच उपाय शोधला होता.

आकांक्षाने प्रश्न विचारला. पहिले डोईफोडे सर उभे राहिले आणि त्यांच्या पद्धतीने थांबले. पंखा फिरत होता. माणसं छताकडे बघत होती. रखमाजीचे गाल फुगलेले, डोळे सरांवर खिळलेले, कपाळाला घाम. अडलेल्या नटाला तसंच ठेवायचं, याच्याइतकी शिक्षा त्याला कोणी कधी केली नव्हती.

"मोबाईलवर मला म्यूट करतात," सर शेवटी म्हणाले. "इथं कोणाची टाप न्हाई. कचेरी ठेवा."

मग तोंडं सुटली. एमआयडीसीतले एक संशोधक म्हणाले, शनिवारी मोंढ्यात गाडी लावायची म्हणजे अर्धा जीव जातो, बंद करा. दुसरे म्हणाले, नवीन वाणाचे दाणे हातात घेऊन बघायचे असतात, फोटोत काय कळतं? एकाने आपण तटस्थ असल्याचं सांगितलं आणि तटस्थपणाच्या बाजूने सगळ्यात लांब भाषण केलं. आकांक्षा हात मोजत होती. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. पण तिचा चेहरा खुलला होता.

"आता नमुना खरा वाटतोय," ती म्हणाली. मग ती शेगडीकडे वळली. "काका, तुम्ही सभासद न्हाई. पण तुमचं मत आम्ही विचारलंच नव्हतं."

रखमाजीने पाणी गिळलं. तो पुढे आला, हात पुसले, तोंड उघडलं आणि अडला.

मी शेवटच्या खुर्चीवर होते. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. असं वाक्य की खोली हलली असती, अर्ध्यांनी डोळे पुसले असते. त्याने मला जन्मभर दिली, मी एक द्यायला काय हरकत होती? पण ते माझं वाक्य झालं असतं. मी पदराचं टोक दातात धरलं आणि बसून राहिले. त्या खोलीत त्या दिवशी तो एकटाच होता, विंगेत कोणी नव्हतं.

"मला हितं यायला आवडतं," तो म्हणाला. थोडं थांबला. "घरी करमत न्हाई." आणखी थांबला. "आन् कपबशा माझ्या हाईत. कचेरी बंद केली तर घेऊन जाईन."

मी कधी इतका वाईट म्हटलेला संवाद ऐकला नाही. ना चढ, ना उतार. पण पुन्हा हात वर करायला सांगितलं तेव्हा तटस्थ गृहस्थांचासुद्धा हात वर होता. कपबशांची भीती, दुसरं काय. कचेरी राहिली. मतं विचारायचं काम मात्र रखमाजीकडून कायमचं काढून घेतलं.

शेवटी आभाराला डोईफोडे सर उभे राहिले. "सर्वांचे मनापासून..." म्हणाले, आणि थांबले.

शेगडीपाशी रखमाजी चहा गाळत होता. पाठ आमच्याकडे होती. तोंडात पाणी नव्हतं.

"...आभार मानतो," सर म्हणाले, आणि समाधानाने खाली बसले.