व्हाळाच्या पल्याडची वाडी

वसंता गेल्याचा फोन ऑफिसात आला तेव्हा मी एका नकाशावर गावांची नावं लिहीत होतो. बोरीवलीहून त्याच्या शेजाऱ्याने केला होता. "बरं," म्हणालो, फोन ठेवला आणि उरलेली नावं लिहून काढली. अक्षरसुद्धा हललं नाही. महिना होऊन गेला, मला अजून रडू आलेलं नाही... लाज वाटते, पण आहे ते असं आहे.

वीस वर्षं आम्ही एकाच टेबलावर सरकारी नकाशे काढले. तो रेघा ओढायचा, मी तपासून सही करायचो. शाई वाळेपर्यंत तो कागदाजवळ कोणाला शिंकू द्यायचा नाही. एकदा खुद्द साहेबांना म्हणाला, "साहेब, तोंड जरा तिकडे करा ना." साहेबांनी मुकाट्याने केलं.

सत्तरच्या दशकात कोकणात नवा ग्रामीण लोकसभा मतदारसंघ झाला आणि त्याचा नकाशा आमच्याकडे आला. हद्द तालुक्याच्या सीमेवरून जाणार होती आणि ती सीमा एका व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, जात होती. अल्याड वसंताचं गाव, देऊळ, दवाखाना. पल्याड त्याच्या घराची वाडी, कागदोपत्री शेजारच्या तालुक्यात. "अरे, आमची वाडी तुटते रे," तो म्हणाला. मसुदा जाहीर झाला होता, हरकत घ्यायला आठवडा उरला होता. वाडीत हे कोणाच्या कानावरही आलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत त्याने भावाला पत्र लिहिलं. मी ते वाचलं आणि भडकलो. "येडा झालास काय? आपल्याच गावाला हरकत घ्यायला लावली म्हणतील. तुझ्याबरोबर माझीपण वाट लागेल, सही माझी आहे ना!" त्याने पत्राची घडी करून खिशात ठेवली. पोस्टात टाकलं नाही.

पुढे व्हाळावरचा साकव, पायी जायचा लाकडी पूल, वाहून गेला. नवा मागायला गेलं की दोन्हीकडचे खासदार पलीकडे बोट दाखवायचे. एका पावसाळ्यात वसंताची आई तापाने फणफणली. व्हाळ भरलेला, दवाखाना अल्याड, गावात... आईच्या दिवसकार्याला गेला तेव्हा धाकटा भाऊ मनोहर सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझ्या रेघेन आवस गेली." वसंता पुन्हा गावी गेला नाही. टेबलावर मला फक्त एवढंच सांगितलं, आणि पेन्सिलीला टोक करू लागला. मी पुढचा नकाशा तपासायला घेतला. मी भित्रा माणूस आहे.

वसंताच्या बाराव्याला मनोहर बोरीवलीला आला होता. मी भावाच्या ऑफिसातला, हे कळल्यावर शेजारी येऊन बसला.

"एक सांगा. वाडी तुटता ह्या तेका आधी ठावक होता?"

"होतं. तुम्हाला पत्र लिहिलं होतं त्याने. मी टाकू दिलं नाही."

तो माझ्याकडे वळला.

"मगे तुमचा नाव आमका कधी सांगल्यान कसा नाय?"

त्याने खांद्यावरचा पंचा काढून मांडीवर ठेवला.

"आठ वर्सां मी तेच्याशी बोलूक नाय," तो म्हणाला. मग उठला, पानं मांडली आणि पहिलं मला वाढलं. भात वाढून झाल्यावरही समोर उभा राहिला. "जेवा," म्हणाला. मी जेवलो.