जेवणानंतर दोन चमचे

औषधाच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या. "यांना जेवणच पचत नाही हो. चार महिने झाले, दोन घास खाल्ले की पोट भरतं. वजनही उतरलंय. ते मागच्या वेळचंच पाचक द्या."

दुकानदाराने मान वर न करता बाटली पुढे ठेवली. "घ्या वहिनी. वनस्पतींचं आहे, अपाय काही नाही."

अपाय काही नाही! माझ्या अंगाची आग झाली. माझी पत्नी गेल्या वर्षी पोटाच्या कॅन्सरने गेली. आजार कळण्याआधी सहा महिने मी तिला हेच देत होतो. ओवा, हिंग, सुंठ यांच्याशी माझं भांडण नाही. जड जेवणानंतर ती आपल्या घरचीच माणसं आहेत. पण आपल्याकडे माणसाचं अन्न तुटलं तरी डॉक्टर आठवत नाही, आधी चमचा आठवतो. बाटलीवर हसरं कुटुंब असतं. किती दिवसांनी थांबावं, हे मोठ्या अक्षरांत कुठेच नसतं. आणि मी, एवढी पुस्तकं वाचलेला माणूस, रोज चमचा भरून "गुण येतोय" असं तिला सांगत होतो.

"वहिनी, त्यांना आधी पोटाच्या डॉक्टरांना दाखवा," मी म्हणालो.

"काका, गिऱ्हाईक कशाला घाबरवता?" दुकानदार हसला.

"घाबरू द्या," माझा आवाज चढला. "आम्हाला कुणी घाबरवलंच नाही."

बाईंनी बाटली मागे सरकवली. "कुठे बसतात ते डॉक्टर?"